नवीन शहरात मॉडेल ट्रेनची दुकानं कशी शोधता?

कामासाठी बाहेर जातोय, वीकेंड मोकळा आहे. मॅपवर शोधलं तर नुसती खेळण्यांची दुकानं येतात. रेल्वेचं अजून काही बघण्यासारखं कसं शोधायचं? माझ्याकडे एचओ स्केलच्या मॉडेल गाड्या आहेत.

धुराडं: खेळणी नको, 'हॉबी शॉप' टाका आणि सोबत स्केलचं (मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान, त्या मापाचं) नाव. निघायच्या आधी फोन कराच, अशी दुकानं बऱ्याचदा एकटा माणूस चालवतो आणि वाटेल तेव्हा शटर खाली. खरं तर तिथला मॉडेल रेल्वे क्लब गाठा, लेआउट (रूळ मांडून केलेली छोटी रेल्वे) बघायला मिळेल आणि जुना माल कुठे मिळतो ते त्यांनाच ठाऊक असतं.

रूळवेडी: घेताना स्केल नीट बघ हं. एचओ १:८७, ब्रिटिश ओओ १:७६, दोन्ही १६.५ मिमीच्याच रुळावर धावतात पण शेजारी लावले की डबे लहानमोठे दिसतात, मला तर बघवत नाही. एन हे त्याहून लहान स्केल, त्याचा रूळ ९ मिमी, तो विषयच वेगळा. आणि थ्री-रेल एसीवालं (मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारं) इंजिन स्वस्तात दिसलं म्हणून उचलू नकोस, साध्या दोन रुळांच्या डीसी ट्रॅकवर चालणार नाही.

गार्डचा डबा: म्युझियमला जाणार असाल तर वाफेचं इंजिन कधी चालवतात ते आधी बघा. बॉयलर तापायलाच कित्येक तास जातात, त्यामुळे रोज कोणी पेटवत नाही.

क्लबचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच मेल टाकतो. थ्री-रेल कसं ओळखायचं पण?

रूळवेडी: इंजिन उलटं कर, पोटाखाली मधोमध लांब पट्टी दिसली की तेच.