हदारीला सन्मान म्हणून खेळवलं?

२०१८ च्या वर्ल्डकपमध्ये इजिप्तचा गोलकीपर इसाम अल हदारीला निव्वळ वर्ल्डकपमधला सर्वात वयस्कर खेळाडू हा रेकॉर्ड करता यावा म्हणून उतरवलं असं वर कोणीतरी म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. इजिप्त आधीच बाहेर पडला होता हे मान्य, पण ४५ व्या वर्षी सौदीच्या मुवल्लदची पेनल्टी त्याने उजव्या हाताने क्रॉसबारवर ढकलली ती काय सन्मान म्हणून?

आणि २०१७ चा आफ्रिका कप कोणी काढलाच नाही इथे. पहिल्याच मॅचमध्ये, मालीविरुद्ध, गोलकीपर शेनावी जखमी झाला म्हणून हा ४४ वर्षांचा माणूस बेंचवरून आला, सेमीफायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नाही आणि मग बुर्किना फासोविरुद्ध शूटआऊटमध्ये दोन पेनल्टी अडवून टीमला थेट फायनलला नेलं. फायनल कॅमेरूनकडून २-१ हरले, तरी २०१८ ची जागा त्याने तिथेच कमावली होती.