केडीई स्क्रीनवर देणगी मागतंय, हे खरं आहे का?

नौपाडाकर:
आमच्या अभ्यासिकेत सहा जुने पीसी आहेत, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून सगळ्यांवर लिनक्स टाकलं, केडीई प्लाझ्मावालं (प्लाझ्मा म्हणजे स्क्रीनवरचा डेस्कटॉप, केडीई म्हणजे तो बनवणारा गट). काल एमपीएससीचा एक मुलगा धावत आला, सर स्क्रीनवर पैसे मागतायत, हॅक झालं वाटतं! बघतो तर कोपऱ्यात छोटी चौकट, केडीईला देणगी द्या म्हणून. मी आधी नेटची वायरच काढली. फुकट म्हणून घेतलं, मग हे पैसे कोण मागतंय आणि जातात कुठे? समितीला सोमवारी सांगायचंय.

वाशी_सेक्टर१७:
दादा घाबरू नका, खरं आहे. प्लाझ्मा ६.२ पासून वर्षातून एकदाच, डिसेंबरमध्ये हा मेसेज येतो, नको असेल तर बंद करता येतो. पैसे जातात केडीई ई.व्ही. ला, जर्मनीतली नोंदणीकृत ना-नफा संस्था, १९९७ पासूनची, आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात ना, साधारण तसंच समजा. सर्व्हर, डेव्हलपर लोकांच्या बैठका, प्रवासखर्च, अकादमी नावाचं वार्षिक संमेलन, कायदेशीर कामं, यावर खर्च होतो. कुठलं फीचर करायचं ते संस्था ठरवत नाही, ते काम करणारेच ठरवतात, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. फक्त पैसे भरायच्या आधी वर पत्ता केडीई डॉट ऑर्गचाच आहे ना ते बघा.

घोडबंदर_लिनक्स:
समितीला हे पण सांगा, परदेशी संस्था आहे त्यामुळे देणगीवर आयकरातली ८०जी ची सूट मिळणार नाही.
आणि फुकट म्हणू नका, मुक्त म्हणा, म्हणजे कोड कोणीही वापरावा, बदलावा असा. केडीई ज्या क्यूटीवर (खिडक्या, बटणं बनवायच्या तयार कोडच्या संचावर) उभं आहे ती एका कंपनीची, उद्या त्यांनी मुक्त आवृत्ती बंद केली तर काय? म्हणून १९९८ मध्येच केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन काढून करार केलाय, तसं झालं तर फाउंडेशन क्यूटी बीएसडीसारख्या, म्हणजे फारशा अटी नसलेल्या परवान्याखाली खुली करू शकतं. असल्या कामाला मागे संस्था लागतेच, नुसता कोड लिहून भागत नाही.

नौपाडाकर:
खूप आभार दोघांचे. वायर परत लावली. अभ्यासिकेचा पैसा वर्गणीचा आहे, त्यातून नाही देणार, मी स्वतः देतो थोडे. आमच्याकडे मेनू अर्धे मराठी अर्धे इंग्रजी दिसतात, तो कालचा मुलगा विचारतोय की अनुवादाला आम्ही हात लावू शकतो का, पैसे नाहीत पण संध्याकाळी तासभर बसू म्हणतो.

वाशी_सेक्टर१७:
का नाही! मराठीची टीम आहे. रविवारी येतो ठाण्याला, बसू एकत्र.