जुन्या आय-ओपनरवर हलके लिनक्स: पडद्यावर मराठी दिसेल का?

टपालपेटी:
नमस्कार मंडळी. काकांच्या सामानात एक आय-ओपनर निघाला. नेटप्लायन्स कंपनीने 1999 च्या अखेरीस काढलेले ते इंटरनेटचे यंत्र: 10 इंची पडदा, 800 बाय 600 रिझोल्यूशन, 180 मेगाहर्ट्झचा विनचिप सी6 प्रोसेसर, 32 एमबी रॅम, 16 एमबी फ्लॅश. चालू होतो, आतली क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वर येते आणि डायल-अपपाशी अडकते. ती सेवा कधीच बंद झाली.

मला तो आईच्या टेबलावर ठेवायचाय. औषधांच्या वेळा, आज कोण येणार, कुणाला फोन करायचा एवढेच दिसायला हवे, पण मोठ्या अक्षरांत आणि मराठीत. मोबाइलचा पडदा तिला पुरत नाही. ब्राउझर, आवाज काही नको. कुठले डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) टाकू? डेबियन चालेल का?

हलकाफुलका:
टायनी कोअर बघा. 486 प्रोसेसरपासून पुढे कशावरही चालते आणि सगळे रॅममध्ये चढते, त्यामुळे फ्लॅशवर सारखे लिहिले जात नाही. नाहीतर जुने डॅम स्मॉल लिनक्स, 50 एमबीच्या आत.

तांब्याचीतार:
टपालपेटी, आईसाठी करताय, म्हणून सविस्तर लिहितो. अशा यंत्रांवर माझा फार जीव आहे.

डेबियनचा विचार सोडा. विनचिप 586 वर्गातला आहे, त्याला सीमूव्ह ही 686 वर्गाच्या प्रोसेसरांची सूचना येत नाही. डेबियन 9 पासून, म्हणजे 2017 पासून, 32 बिटी आवृत्तीला 686 लागतो. 8 वी आवृत्ती 586 साठी शेवटची.

टायनी कोअरचा सल्ला चांगला आहे, पण रॅमचा हिशेब बघा. त्यांच्याच माहितीप्रमाणे चित्रमय आवृत्तीला किमान 46 एमबी लागते आणि नुसत्या कोअरला 28. तुमच्याकडे 32 आहे. म्हणजे उरला तो काळा कन्सोल, नुसत्या अक्षरांचा पडदा, आणि मराठीचे घोडे तिथेच अडते. लिनक्सच्या कन्सोलवर एका वेळी जास्तीत जास्त 512 अक्षराकृती बसतात, आणि जोडाक्षर जुळवणारे तिथे कुणीच नसते. ‘गोळी घ्या’ लिहिले तर घ, हलन्त, य आणि काना सुटे सुटे पडतील. आईला असले मराठी वाचायला लावू नका.

म्हणून अक्षरे जुळवायचे काम त्या बिचाऱ्या प्रोसेसरवर टाकूच नका. घरातल्या दुसऱ्या संगणकावर नोंदी लिहा, चांगला देवनागरी फाँट घेऊन 800 बाय 600 चे चित्र करा आणि ते आय-ओपनरला नुसते दाखवायला सांगा. एक्स विंडो ही खिडक्या दाखवणारी प्रणाली नको, चित्र उघडणारा प्रोग्रामही नको. एफएफएमपेग या चित्रांचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून आरजीबी565 स्वरूपात कच्चे बाइट काढून घ्या: एका ठिपक्याला 16 बिट, पूर्ण पडद्याचे 9,60,000 बाइट. ही फाइल फ्रेमबफरच्या, म्हणजे पडद्यावरचे चित्र धरणाऱ्या मेमरीच्या, डिव्हाइस फाइलवर ‘कॅट’ या आज्ञेने ओतली की पान पडद्यावर. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुरू होताना ‘व्हीजीए=788’ द्या, म्हणजे 800 बाय 600 आणि 16 बिट. चित्र तिरपे, फाटल्यासारखे दिसले तर फ्रेमबफरची एक ओळ 1600 बाइटांची नाही असे समजा. तिची खरी लांबी बघून प्रत्येक ओळीच्या शेवटी तेवढी भर घाला.

हे एवढेच काम असेल तर तयार डिस्ट्रोची गरजच नाही. बिल्डरूट घ्या, ते छोटे लिनक्स स्वतः बांधायचे साधन आहे. त्याच्या प्रोसेसरांच्या यादीत विनचिप सी6 चक्क नावानिशी आहे. मला ते पाहून फार आनंद झाला होता, की कुणीतरी अजून याची आठवण ठेवलीय. कर्नल, बिझीबॉक्स (नेहमीच्या आज्ञांचा छोटा संच) आणि दोन ओळींची स्क्रिप्ट, बस्स. नेटवर्कसाठी पेगासस चिपचा यूएसबी इथरनेट अडॅप्टर शोधा, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये फार पूर्वीपासून आहे. यूएसबी 1.1 असले तरी एक पान यायला सेकंदभरच लागेल, आणि पान दिवसातून दोनचारदा बदलणार.

आता जिथे घाई करायची नाही ते. बोर्डवर डिस्क लावायची 44 पिनांची आयडीई जोडणी आहे, पण तिच्या पिनांच्या दोन रांगा नेहमीच्या उलट आहेत. त्यामुळेच 2000 साली लोक केबल उलटी करून डिस्क लावत होते. लॅपटॉपच्या 44 पिनी जोडणीत 41 आणि 42 या पिनांवर 5 व्होल्ट असतात. काहीही लावण्याआधी यंत्र चालू करून मल्टिमीटरने ते 5 व्होल्ट कुठे येतात ते शोधा, कागदावर आकृती काढा, मगच कॉम्पॅक्टफ्लॅश या मेमरी कार्डाचा अडॅप्टर जोडा. कार्ड स्वतःच आयडीईची भाषा बोलते, अडॅप्टर म्हणजे निव्वळ तारा.

कार्ड आधीच दुसऱ्या संगणकावर कार्डरीडरमध्ये घालून तयार करा. सुरुवातीला 64 एमबीचे एकच पार्टिशन, ईएक्सटी2 फाइल सिस्टिमचे, त्यावर एक्स्टलिनक्स हा बूट लोडर. जुन्या बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) मोठ्या डिस्कचा शेवट गाठता येत नाही, म्हणून सगळे सुरुवातीलाच ठेवायचे. रूट, म्हणजे हे पार्टिशन, फक्त वाचण्यासाठी माउंट करा, म्हणजे आईने थेट प्लग काढला तरी काही बिघडत नाही. माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचे. ज्यांच्यासाठी यंत्र आहे त्यांना ‘नीट बंद कर’ म्हणायची वेळ येता कामा नये.

हलकाफुलका:
हे पटले. फक्त एक भर: नंतरच्या काही आय-ओपनरमध्ये कंपनीने डिस्क लावताच येऊ नये म्हणून बदल केले होते. 99 डॉलरला यंत्र विकून महिन्याच्या वर्गणीतून पैसे काढायचा त्यांचा बेत लोकांनी डिस्क लावून उधळला होता ना! तेव्हा अडॅप्टर विकत घेण्याआधी बायोसमध्ये डिस्कवरून बूट करायचा पर्याय दिसतो का ते बघा.

टपालपेटी:
दोघांचेही मनापासून आभार. पर्याय दिसतोय, 5 व्होल्टही सापडले, खरोखरच उलट्या रांगेत. कार्डावरून बूट झाले आणि पहिले पान दिसले. जोडाक्षरे सुंदर, आईने चष्म्याशिवाय वाचले! मी कर्नल जुना, 3 च्या मालिकेतला घेतलाय. आता दोन अडचणी: कोपऱ्यात कर्सर लुकलुकतो, आणि थोड्या वेळाने पडदा काळा होतो. कळ दाबली की कन्सोल येतो, पण आईने ती का दाबावी?

तांब्याचीतार:
वा, फार बरे वाटले! जुन्या कर्नलमध्ये पडदा विझवायची मुदत 600 सेकंद ठरलेली असते. बूटच्या ओळीत ‘कन्सोलब्लँक=0’ घाला. कर्सरसाठी त्याच ओळीत ‘व्हीटी.ग्लोबल_कर्सर_डिफॉल्ट=0’. अर्थात हे शब्द रोमन लिपीतच टाइप करायचे. शिवाय स्क्रिप्टमध्ये दर मिनिटाला तीच फाइल पुन्हा ओतत जा, म्हणजे कर्नलने मध्येच एखादा संदेश पडद्यावर टाकला तरी पान आपोआप सावरेल.