‘वेल्ट आम ड्राट’ला ‘मेट्रिक्स’ची पायरी म्हणणं थांबवा

तिरकी_रेघ (धागाकर्ता)

विज्ञानपटांच्या धाग्यावर काल सडेफटिंग यांनी लिहिलं, की जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा, संगणकात उभारलेल्या बनावट जगावरचा ‘वेल्ट आम ड्राट’ म्हणजे आरशांसमोर ग्लास हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसांचे तीन-साडेतीन तास. कथा अमेरिकन लेखकाची, काम टीव्हीचं, आणि १९९९ साली ‘मेट्रिक्स’ आला नसता तर आज त्याचं नावही कोणी घेतलं नसतं. त्यावर दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी कथेचं बघू. डॅनियल गॅलुयेची कादंबरी १९६४ ची आहे, हे कोणी लपवलेलं नाही. पण त्या कादंबरीत सगळा मामला बाजारपेठेचा आहे. रस्त्यारस्त्यांवर लोकांना गाठून मतं विचारणारे कर्मचारी आहेत आणि यंत्रात उभारलेलं बनावट शहर आलं की त्यांच्या पोटावर पाय येणार आहे. फासबिंडर आणि त्याचा सहलेखक फ्रित्झ म्युलर-शेर्त्स यांनी ते बाजूला सारलं. त्यांच्याकडे सरकारी पैशावर चालणारी एक संशोधनसंस्था आहे आणि तिचा प्रमुख सिस्किन्स उद्याच्या पोलादाच्या मागणीचे अंदाज एका पोलाद कंपनीला गुपचूप पुरवायच्या खटपटीत आहे. यंत्रातली हजारो माणसं जगतात, भांडतात, मरतात, ती कोणाच्या तरी ताळेबंदासाठी. ‘मेट्रिक्स’मध्ये जुलूम करणारी यंत्रं आहेत. इथे जुलूम करणारे सूट घालून मीटिंगला बसलेले आहेत आणि त्यांचं जगही वरच्या कोणाच्या तरी यंत्रातलंच असणार, तिथेही तेच बसलेले असणार, ही भीती आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला दुसरीची पायरी म्हटलं की पहिली दिसेनाशीच होते.

आता ‘माणसं नुसती उभी राहतात’ याबद्दल. पार्टीत सुरक्षाप्रमुख लाउझ नायकाशी, म्हणजे श्टिलरशी, बोलत असतो. श्टिलर क्षणभर नजर वळवतो तोवर लाउझ गायब! पुढे संस्थेत कोणाला त्याचं नावही आठवत नाही. त्याआधी आपण ज्या ताठ, गोठलेल्या माणसांकडे दिग्दर्शकाची हौस म्हणून बघत होतो, ती तशी का उभी आहेत हे इथून उलगडायला लागतं. कोणी बोलावल्याशिवाय त्यांना करण्यासारखं काही नाहीच. त्यात इवान डेस्नी, आड्रियान होव्हन, बार्बारा व्हालेन्टिन हे पन्नास-साठच्या दशकांतल्या पश्चिम जर्मन पडद्यावरचे ओळखीचे चेहरे. १९७३ च्या प्रेक्षकाला ते कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले असणार, आणि ‘कुठेतरी पाहिलंय’ हाच तर श्टिलरचा आजार आहे.

---

सडेफटिंग

माझ्या चार ओळींना एवढं मोठं उत्तर आलं, पण मुद्दा तिथेच आहे. दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळतो, हा सिनेमाचा गुण मानायला मी तयार नाही. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी तो पाहिला. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उठून गेलेले लोक अडाणी नव्हते, दर आठवड्याला जगभरचे सिनेमे बघणारे होते.

अभिनय मुद्दाम गोठलेला होता की घाईत तसा झाला, हे तुम्ही कशावरून ठरवता? त्याच सुमाराला हा माणूस ‘पेट्रा फॉन कांट’ करतोय, कामगार कुटुंबावर टीव्ही मालिका करतोय, ‘एफी ब्रीस्ट’च्या मागे आहे. एवढ्या धबडग्यात जे राहून गेलं त्याला शैली म्हणायचं?

आणि जर्मनांचंच कौतुक करायचं असेल तर ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ घ्या. कादंबरी तीच, दिग्दर्शक योसेफ रुस्नाक जर्मन, निर्माता रोलांड एमेरिख जर्मन. सगळी गोष्ट शंभरेक मिनिटांत सांगून मोकळे होतात. १९३७ चं लॉस एंजेलिस असं उभं केलंय की त्या जगात राहावंसं वाटतं. आपलं जग खोटं निघाल्याचं दुःख कधी होईल? ते जग आधी प्रिय वाटलं तरच ना! फासबिंडरच्या जगात पहिल्या मिनिटापासून राहावंसं वाटत नाही. मग ते खोटं निघालं काय आणि खरं निघालं काय.

---

जुना_प्रोजेक्टर

सडेफटिंग, शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, तो नंतर घेतो. घाईचा आरोप मात्र कॅमेऱ्यामागे उभं राहिलेला माणूस करणार नाही.

एका जाहिरातीच्या शूटिंगला आमच्या सेटवर एक मोठा आरसा होता. एकच. त्यात दिवा दिसतोय, बूम (माइकची दांडी) दिसतोय, शेवटी फोकस सांभाळणारा दिसतोय, असं करत सकाळची अख्खी शिफ्ट गेली. इथे छायाचित्रकार मिखाएल बालहाउसने १६ मिमी फिल्मवर खोलीमागून खोली आरशांनी, काचांनी, चकचकीत धातूने भरलीय आणि त्यातून कॅमेरा फिरता ठेवलाय. प्रत्येक आरसा म्हणजे लपण्याची एक जागा कमी. माणसांच्या जागा आणि नजरा आधी पक्क्या केल्याशिवाय असला एक शॉट मिळत नाही. फासबिंडर झपाट्याने काम करायचा हे खरं, पण तो तयारीचा झपाटा होता. कुर्ट राबने उभारलेले सेट आणि पॅरिसमधल्या तेव्हाच्या कोऱ्या इमारती वापरून त्यांनी उद्याचं जग दाखवलं. अवकाशयान नाही, रोबो नाही. कमी पैशात विज्ञानपट कसा करावा याचा हा धडा मी नव्या मुलांना आवर्जून दाखवतो.

आणि ‘थर्टीन्थ फ्लोअर’चा कार्यकारी निर्माता कोण होता? हाच बालहाउस, पत्नी हेल्गासह. म्हणजे वंशावळ काढायचीच असेल तर ती ‘मेट्रिक्स’कडे जात नाही, तिकडे जाते. त्यातला आर्मिन म्युलर-श्टालही फासबिंडरच्या ‘लोला’मध्ये होता.

---

कोलोनकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. हा सिनेमा केला वेडेएरने (WDR), म्हणजे माझ्या गावच्या, कोलोनच्या सार्वजनिक वाहिनीने. ऑक्टोबर १९७३ मध्ये दोन रात्रींत तो घराघरांत दाखवला. फासबिंडर तेव्हा २८ वर्षांचा होता. निर्माता पेटर मेर्टेसहायमर वाहिनीचाच माणूस. अशा पोराच्या हातात लोकांच्या वर्गणीचा पैसा द्यायची छाती त्या लोकांत होती.

आज मी महिन्याला १८.३६ युरो भरतो. घरात टीव्ही असो-नसो, प्रत्येक घराला भरावेच लागतात. त्या बदल्यात काय? रविवारी रात्री ‘टाटोर्ट’, सोमवारी दुसरा पोलीस, मंगळवारी तिसरा. प्रेत सापडतं, दोन अधिकारी कॉफी पितात, खुनी सापडतो. पैसा आहे, कॅमेरे आहेत, माणसं आहेत. मग आज ‘वेल्ट आम ड्राट’ का होत नाही? माझा राग त्या १८ युरोंवर नाही. ते कशाला जातात त्यावर आहे.

---

हिशेबनीस

कोलोनकर, तुमचं दुखणं कळलं, पण लोक ‘टाटोर्ट’ बघतात म्हणून तो बनतो. १९७० पासून चाललाय, उगीच नाही. पैसे सगळ्यांकडून घ्यायचे आणि मूठभरांना आवडेल ते दाखवायचं, यात कसली लोकशाही? रसिकांनी आपल्या खिशातून बनवावेत असले सिनेमे.

---

अनघा_क

हिशेबनीस, मूठभरांचं असतं तर दूरदर्शनने १९८१ मध्ये सत्यजित राय यांच्याकडून ‘सद्गती’ करून घेतलाच नसता. १९८८ मध्ये ‘तमस’ लागला तेव्हा आमच्या चाळीत रात्री एकाच घरात पंधरा-वीस माणसं बसलेली असायची. आजी मधूनच उठून आत जायची, पुन्हा येऊन बसायची. कोणी म्हणालं नाही की हे मूठभरांसाठी आहे. बेनेगलांचा ‘भारत एक खोज’ ५३ भागांचा होता आणि मी शाळेत असून रविवारी सकाळी तो बघायचे. लोकांना काय झेपतं हे वाहिन्यांनी परस्पर ठरवलं आणि मग तेवढंच वाढलं.

---

हिशेबनीस

आणि त्याच दूरदर्शनवर तासन्‌तास कोणाची उद्घाटनं दाखवायचे, तेही आठवत असेल. सरकारच्या पैशाबरोबर सरकारचा हात येतो. चाळीतल्या आठवणींनी धोरण ठरत नाही.

---

कोलोनकर

म्हणूनच इथे वर्गणी थेट घरांकडून घेतात, सरकारी तिजोरीतून नाही! हा फरक समजून न घेता बोलू नका. आपल्याकडेही रेडिओ-टीव्हीचं लायसन पोस्टात भरावं लागायचं. ते गेलं आणि वाहिनी पूर्णपणे सरकारच्या ताटाखाली गेली.

---

हिशेबनीस

परदेशात बसून इथल्या ताटाखाली काय आहे ते सांगू नका. आणि तुमच्या सार्वजनिक वाहिनीचं एवढं गुणगान करताय तर एक सांगा. हा सिनेमा दोन रात्री दाखवून झाल्यावर जर्मनीबाहेर किती जणांना धड बघायला मिळाला? नीट प्रत झाली २०१० मध्ये, फासबिंडर फाउंडेशनने केली तेव्हा. सदतीस वर्षं! त्याच वेडेएरचा १९७० चा ‘दास मिलियोनेनश्पील’ घ्या. टीव्हीच्या खेळात एका माणसाला जिवानिशी मारायला मारेकरी सोडलेले असतात. काही प्रेक्षकांना तो खेळ खराच वाटला. एवढी जबरदस्त गोष्ट, पण मूळ कथेच्या हक्कांच्या भांडणात अडकली ती २००२ पर्यंत. पैसे लोकांचे, सिनेमा लोकांचा, आणि लोकांनाच बघायला नाही. बनवण्याची छाती होती म्हणता, जपण्याची का नव्हती?

---

कोलोनकर

जपण्याबद्दल बोललात ते नाइलाजाने मान्य करतो. बाकी एक शब्दही मान्य नाही.

---

तिरकी_रेघ

मंडळी, वर्गणीचा वेगळा धागा काढा. मलाही त्यात रस आहे, पण इथे सिनेमा बुडतोय.

---

मृण्मयी_डेटा

मी वाचनमात्र असते, पण पोलादाचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं. माझं काम ग्राहकांचं वागणं आधीच सांगणारी मॉडेल्स बनवण्याचं आहे. संगणकात लाखभर बनावट कुटुंबं तयार करायची, त्यांना पगार, मुलं, सवयी द्यायच्या, मग किंमत वाढवून बघायचं की कोण काय सोडतं. एकदा एका ग्राहक कंपनीला नको असलेलं उत्तर आलं. आकडे तपासा असं कोणी म्हणालं नाही. ‘कुटुंबं बदला’ असा निरोप आला. आम्ही बदलली. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं तर ती माणसं नव्हतीच, नुसत्या ओळी होत्या.

त्यानंतर हा सिनेमा पाहिला. यंत्रातला एक जण, ज्याला ते आइनश्टाइन म्हणतात, त्याला एकट्यालाच माहीत असतं की आपलं जग खोटं आहे, कारण वरच्यांना आत एक निरोप्या हवा असतो. सोयीसाठी त्याला सत्य सांगितलेलं असतं आणि मग तो वर यायला धडपडतो. आइनश्टाइन झालेल्या गोटफ्रीड जॉनचा तो चेहरा मला विसरता येत नाही. सडेफटिंग, तुम्ही म्हणता त्या जगात राहावंसं वाटत नाही. मला वाटतं ते बरोबर आहे, कारण ते कोणी राहण्यासाठी बनवलेलंच नाही, आकडे काढण्यासाठी बनवलंय. अशा जगातही एका माणसाला जगायची ओढ लागते, म्हणून माझा जीव तुटला. १९३७ चं सुंदर लॉस एंजेलिस पाहून तसं झालं नाही.

---

सडेफटिंग

मृण्मयी, तुमच्या अनुभवाशी वाद घालणार नाही. आइनश्टाइनचे प्रसंग चांगले आहेत आणि लाउझ गायब होतो तो प्रसंग उत्तम आहे, एवढं लिहून देतो. पण तेवढ्यासाठी तीन तासांच्या वर बसवून ठेवणं मला आजही जास्तच वाटतं. दुसऱ्या भागातला पाठलाग तर पाऊण तासाने कापला तरी काही बिघडणार नाही.

आणि शेवटाचं काय? खाली श्टिलरला गोळ्या घालतात, वरच्या जगातून आलेली त्याची प्रेयसी एव्हा त्याचं मन वरच्या श्टिलरच्या देहात आणते, दोघं एका जवळजवळ रिकाम्या खोलीत आनंदाने बागडतात. एवढी भीती घालून शेवटी प्रेमाने सोडवणूक? तुम्ही सगळे ज्या राजकारणाचं कौतुक करताय ते या खोलीत कुठे गेलं?

---

जुना_प्रोजेक्टर

शेवटाबद्दल मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. पण ती खोली पुन्हा बघा. सिनेमाभर आरसे आहेत आणि इथे खोली बोडकी आहे. हे त्यांनी ठरवून केलंय. याचे दोन अर्थ निघतात. एक, हे खरं जग, म्हणून प्रतिबिंब नाही. दोन, खोली अजून भरायचीय, म्हणजे हेही कोणीतरी नुकतंच मांडायला घेतलंय. माझा कौल दुसऱ्याला. वर आल्यावर श्टिलर एकदाही विचारत नाही की याच्या वर कोण आहे. सिनेमाभर तेच विचारत धावणारा माणूस गप्प होतो, आणि त्याला गप्प करायला फक्त एक प्रेमळ बाई आणि एक खोली पुरते.

---

मृण्मयी_डेटा

असहमत. तो गप्प झाला कारण थकलाय. माणसाला कुठेतरी थांबू द्या की.

---

तिरकी_रेघ

जुना_प्रोजेक्टर, तुमचा अर्थ मला पटतो. मृण्मयी, तुमचा पटत नाही, कारण एव्हाने ज्याच्या देहात त्याला आणलं तो वरचा श्टिलर क्रूर झालेला होता, त्यानेच आपल्या प्रतिमेवरून खालचा श्टिलर बनवून त्याला छळलं होतं. नायक आता त्याच माणसाच्या खुर्चीत, त्याच्याच यंत्रासमोर जाऊन बसणार आहे. ते यंत्र तो बंद करणार की खालच्या हजारो जणांचं पुढे काय ते ठरवणार, हे सिनेमा सांगत नाही. सडेफटिंग, तुम्ही विचारलंत ना, राजकारण कुठे गेलं? माझ्या मते ते तिथेच आहे. पाठलाग लांबलाय, हे मात्र मलाही वाटतं. पण पाऊण तास नाही, दहा मिनिटं.

---

सडेफटिंग

पंधरा.