दिवाडी बेटावरची शर्यत आणि आमचा नाशिकचा कंपू : तुमचेही अनुभव लिहा

गोदाकाठचा_धावक
काल पहाटे गंगापूर रोडवर एक मुलगी समोरून पळत आली, अंगात दिवाडीच्या शर्यतीचा विटलेला टी-शर्ट. ओळख ना पाळख, तरी मी हात वर करून "दिवाडी!" असं ओरडलो. तीही हसून ओरडली. दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दिवाडी हे गोव्यात मांडवी नदीतलं बेट. बेटावर जायला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर किंवा नार्व्याहून फेरीबोट, माणसाला तिकीट पडत नाही. आम्ही सगळे नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने मडगावला उतरलो. शर्यतीच्या पहाटे अंधारात धक्क्यावर पोचलो तर एरवी जिथे स्कूटर लावतात तिथे नुसते छातीवर बिब (शर्यतीचा नंबर) लावलेले लोक. फेरी हलली, इंजिनाची धडधड तळपायातून पोटऱ्यांत चढली, आमच्यातल्या एकाने "गणपती बाप्पा" म्हटलं आणि अख्ख्या फेरीने "मोरया" केलं.

पळायला रस्ता सुंदर. दोन्ही बाजूंना खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, पाण्यात बगळे, मग पिएदादच्या चर्चकडे जाणारा चढ. पण मला सांगायचंय ते वेगळंच. शहरातल्या शर्यतीत मेडल गळ्यात पडलं की जो तो पार्किंगकडे पळतो. इथे फेरी येईपर्यंत जाणार कुठे? त्यामुळे सगळे फिनिशलाच थांबतात. आमच्या ग्रुपमधल्या साठी ओलांडलेल्या काकू, पहिल्यांदाच १० किलोमीटर, सगळ्यात शेवटी आल्या. तेव्हा बक्षीस मिळवलेली पोरंही उन्हात उभी राहून टाळ्या वाजवत होती. गावातल्या बायका, फेरीवरचा माणूस, सगळेच. इतकी वर्षं पळतोय, पण असं दुसरीकडे पाहिलं नाही. म्हणून बेटावरची शर्यत प्रत्येक क्लबने एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही लिहा.

इंदिरानगरची_सून
अहो दादा, त्या काकू म्हणजे माझ्या सासूबाई!! 😄 कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

सासरे गेल्यावर डॉक्टर म्हणाले रोज चाला. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर साडीत, पायात चपला. मग कोणीतरी तुमच्या ग्रुपमध्ये ओढलं. बूट घ्यायला गेलो तर दुकानात म्हणाल्या, "एवढ्यात तर पैठणीचा हप्ता होईल." बुटाची नाडी अजून दोनदा गाठ मारून शिवाय आत खोचतात.

चढावर त्यांना दम लागला तेव्हा एक गोव्याच्या आजी फाटकातून तांब्या घेऊन आल्या, "उदक जाय?" यांना कोकणी येत नाही, त्यांना मराठी बेताची. तरी दोघी भिंतीला टेकून गप्पा मारत उभ्या. आम्ही खाली काळजीत! मेडल आता कुठे असतं माहितीये? भिशीला जातानाच्या पर्समध्ये.

पंचवटीकर
आईंना नमस्कार सांगा 🙏

ओआरएस_पुडी
पेशाने डॉक्टर आहे म्हणून थोडं कामाचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, पहाटेची हवा कोरडी. आपल्याला घाम येतो आणि उडून जातो. गोव्यात हवेतच इतका ओलावा की घाम निथळतो पण वाळत नाही, मग अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. गंगापूर धरणाच्या रस्त्यावरचा वेग तिथे धरू नका. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम खाली येतं. मीठ-साखर पोटात जाऊ द्या. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलीन लावा, नाहीतर अंघोळीला ओरडाल.

मिसळप्रेमी_सातपूर
व्हॅसलीनला १०० टक्के अनुमोदन डॉक्टर.
आमच्याकडे शर्यत संपल्यावर खाण्याची शर्यत सुरू झाली. गरम पोई (गोव्याचा पाव) आणि पातळभाजी. काळ्या रश्श्यावर वाढलेली जीभ, तरी मी तीन वेळा मागून घेतली. नाशिकहून नेलेला चिवडा आयोजकांच्या टेबलवर ठेवला तर डबा पाच मिनिटांत साफ.

बॅगा_सांभाळणारी
मी पळत नाही. नवरा पळतो, मी बॅगा सांभाळते. कंटाळा येईल वाटलं होतं. बांधावर बसले तर खाली लाकडी झडप होती. एक काका जाळं लावून बसले होते. त्यांनी सांगितलं याला मानस म्हणतात, भरतीला झडप आपोआप बंद होते, ओहोटीला उघडते, शेतात खारं पाणी शिरत नाही. तिथला कोरगुट भात खाऱ्या जमिनीतही येतो म्हणे. पाणी बाहेर जाताना मासे जाळ्यात. तासभर तेच बघत होते. नवरा फिनिशला आला तेव्हा फोटो राहिला, पण जाळ्यातल्या खेकड्याचे छान आलेत.

दिंडोरीचा_बागवान
खारं पाणी अडवायची ही पद्धत भारी आहे ताई. फोटो टाका ना.
आम्हाला मात्र द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) दिवसांत घर सोडता येत नाही. बागेच्या कडेनेच पळतो.

पंचवटीकर
भाऊ, यंदा द्राक्षावरचा डाऊनी रोग कसा आहे तुमच्याकडे? मामांची बाग मोहाडीला, पावसाने हैराण झालेत.

दिंडोरीचा_बागवान
फुलोऱ्यात पाऊस लागला की अवघडच. मामांना म्हणावं पानं विरळ करा, हवा खेळू द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

गडवाट_नाशिक
दिवाडीला गेलात आणि सप्तकोटेश्वराचं कोणीच लिहिलं नाही? गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत मुळात याच बेटावर होतं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं, भक्तांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. बेटावर जुनं कोटीतीर्थ अजून आहे. शर्यत झाली की पलीकडची फेरी धरा आणि दर्शन घेऊनच या. मी मेडल घालूनच गेलो होतो, पुजाऱ्यांनी आपुलकीने चौकशी केली.

गोदाकाठचा_धावक
@गडवाट वा! हे हवंच होतं. पुढच्या वेळी ग्रुपला नक्की नेतो.

द्वारका_सर्कल
मुंबई पण बेटच की! जानेवारीतली मॅरेथॉन धरायची का? सी-लिंकवर वारा तोंडावर घेत पळालोय. गर्दीचा जोश जबरदस्त, पण दादा म्हणतात ते खरं, संपल्यावर आमचा ग्रुप एकमेकांना फोनवरच शोधत होता.

सावकाश_पण_रोज
आमच्या मुली कविता राऊतचं नाव ऐकून पळायला लागल्या. सावरपाड्याची पोर २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरचं कांस्य घेते, अजून सांगताना अंगावर काटा येतो. मुलींना बेटावर न्यायचंय. १६ वर्षांखालच्यांना ५ किलोमीटर असतं का?

ओआरएस_पुडी
वयाची अट प्रत्येक शर्यतीची वेगळी असते, नावनोंदणीआधी विचारून घ्या. चढाचा सराव मात्र आतापासून. रविवारी सहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी जमतोय.

इंदिरानगरची_सून
सासूबाई येतो म्हणतायत. रिक्षा मिळेल का एवढ्या सकाळी?

पंचवटीकर
रिक्षा कशाला, मी गाडी घेऊन येतो. पत्ता पाठवा.