पोकरमध्ये सेट (हातातल्या जोडीला टेबलावर तिसरं तसंच पान) लागल्यावर चेक (पैसे न लावता पुढे जाणं) कशाला?
एक सल्ला वाचला की हातात सत्त्यांची जोडी आणि फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन उघडी पानं) बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर सत्ती आली तर चेक करून समोरच्याला गाफील ठेवायचं. नाही पटत राव. ज्याच्याकडे एक्का-राजा किंवा दोन बदाम (अजून एक आला की पाच बदाम) आहेत तो तसाही कॉल करणारच (आपण लावले तेवढे पैसे घालणारच) ना, मग त्याला टर्न, म्हणजे चौथं पान, फुकटात कशाला दाखवायचा? हिशोब बघा, पॉट (मधे जमलेले पैसे) १०० आणि दोघांच्या मागे लावायला १३०० उरले असतील तर दरवेळी पॉटएवढी बेट लावून कॉल मिळत गेला की १००, ३००, ९०० असा अख्खा स्टॅक आत, आणि फ्लॉप चेक केलात तर रिव्हरपर्यंत (पाचवं, शेवटचं पान) १०० आणि ३०० मिळून फक्त ४००. हां, राजांची जोडी असताना फ्लॉपवर उरलेले दोन्ही राजे आले तर चेक ठीक, तिथे बिचाऱ्याकडे कॉल करायला काही उरतच नाही, आधी त्याला काहीतरी लागू द्या.