शिकवणाऱ्या सल्लागाराला रुग्णालयाचे काम द्यावे का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचे ४० खाटांचे रुग्णालय असून एनएबीएचच्या (रुग्णालयांचा दर्जा तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) प्राथमिक स्तरावरील प्रमाणपत्रासाठी सल्लागार नेमायचा आहे. ज्यांच्याशी बोलणे झाले, ते पुण्यात रुग्णालय प्रशासन शिकवतात आणि सोबत सल्लागाराचे काम करतात. आपले दोन विद्यार्थी काही आठवडे आमच्याकडे पाठवण्याचीही त्यांची तयारी आहे. भागीदार म्हणतात, वर्गात शिकवणाऱ्याला वॉर्डातली अडचण काय कळणार? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ : डॉक्टरसाहेब, शिकवणे हा दोष नव्हे, पण हे गृहस्थ फायली मागतात की वॉर्डात जाऊन उभे राहतात, ते आधी पाहा. त्यांना एका रुग्णाच्या डिस्चार्जचा माग काढायला सांगा. सकाळच्या राऊंडला ‘आज घरी जा’ म्हटले जाते, त्यानंतर आरएमओ (निवासी डॉक्टर) ओपीडीत अडकतात, डिस्चार्ज समरी (उपचारांचा सारांश) तशीच पडून राहते, सिस्टर उरलेली औषधे मोजून फार्मसीला परत करतात आणि ती वजावट झाल्याशिवाय बिलिंगचा माणूस अंतिम बिल काढत नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. परंतु विनंतीच दुपारी गेली, तर आधीचा सगळा उशीर आपलाच असतो आणि शिव्या मात्र टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) बसतात. हे ज्याला दोन दिवसांत दिसते, त्याला काम द्यावे.

उत्तर २ : मी नर्सिंग विभाग सांभाळते. आमच्याकडे आलेल्या एका सल्लागाराने दिलेल्या कार्यपद्धतीच्या जाडजूड फायलीत कॅथलॅबचे (अँजिओग्राफी वगैरे करण्याच्या कक्षाचे) प्रकरण होते, आणि आमच्याकडे कॅथलॅबच नाही! शिकवणाऱ्या माणसाचा खरा उपयोग प्रशिक्षणात होतो, मात्र ते मराठीत आणि रात्रपाळीसह प्रत्येक पाळीत व्हायला हवे. तपासणीस येणारे परीक्षक थेट मावशींनाच विचारतात, की रक्ताने भिजलेले ड्रेसिंग कोणत्या पिशवीत टाकता आणि सलाईनची नळी कोणत्या. ‘ड्रेसिंग पिवळ्या, नळी लाल’ हे उत्तर त्यांनी न अडखळता दिले पाहिजे. तिथे फाईल कामाला येत नाही.

उत्तर ३ : विद्यार्थ्यांना अवश्य घ्या, वेळेच्या नोंदी करायला ते उत्तम, पण केसपेपर हाताळू देण्यापूर्वी गोपनीयतेचा लेखी करार करा आणि त्यांच्या प्रकल्प अहवालात रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक येणार नाही, हे संस्थेकडूनही लिहून घ्या. मानधन टप्प्याटप्प्याने द्या : त्रुटींचा अहवाल, प्रशिक्षण, अंतर्गत तपासणी. ‘प्रमाणपत्र मिळवून देतोच’ अशी हमी कोणी देत असेल, तर तिथेच थांबावे, कारण तो निर्णय एनएबीएचचा असतो, सल्लागाराचा नव्हे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. येत्या बैठकीत सल्लागारांना थेट वॉर्डात नेतो. भागीदारांनाही सोबत घेतो.